कॅक्टस बियांपासून घरात कसा उगवायचा? आणि पहिली रोपं हमखास का मरतात?

ड्रॅगन फ्रूट कापलं की गरात तिळासारखे काळे ठिपके दिसतात. आपण ते गरासोबत खाऊन टाकतो. पण त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे निवडुंगाची बी असते. होय, ड्रॅगन फ्रूट हा कॅक्टसच आहे. मूळचा अमेरिका खंडातला, आणि आता सांगली, सोलापूरकडच्या शेतांत सिमेंटच्या खांबांवर चढवलेला दिसतो तो.

म्हणजे बियांपासून कॅक्टस उगवून बघायचा असेल तर परदेशातून पाकीट मागवायची गरज नाही. फळवाल्याच्या गाडीवर निम्मं काम झालेलं असतं.

उरलेलं निम्मं मात्र फसवं आहे. बी पेरली, आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके वर आले, फोटो काढून स्टोरीला टाकले, सगळ्यांनी कौतुक केलं आणि महिन्याभरात कुंडीत काहीच उरलं नाही, असा अनुभव नवख्यांना वारंवार येतो. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कॅक्टस म्हणजे कडक ऊन आणि नावापुरतं पाणी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मोठ्या झाडासाठी ते बरोबरही आहे. पण हाच सल्ला पिल्लू रोपांच्या मुळावर येतो.

वाळवंटातलं बाळ सावलीत वाढतं

कार्टूनमध्ये हात वर करून उभा असलेला कॅक्टस आठवतोय? तो सग्वारो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात आणि शेजारच्या मेक्सिकोत पसरलेल्या सोनोरन वाळवंटात तो वाढतो. एक सग्वारो त्याच्या आयुष्यात सुमारे ४ कोटी बिया तयार करतो, असं तिथल्या राष्ट्रीय उद्यान विभागाची माहिती सांगते. त्यातून नवं मोठं झाड होणाऱ्या बिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या पाखरं, मुंग्या आणि उंदीर खातात. ज्या उगवतात त्यातल्या बहुतेक करपून किंवा थंडीनं मरतात.

वाचणारी रोपं मग कुठे सापडतात? उघड्या वाळूत नाही, तर पालो व्हर्डेसारख्या एखाद्या झाडाच्या बुंध्याशी. तिथं सावली असते, ओल जरा जास्त टिकते, रात्रीची थंडी थेट लागत नाही आणि जनावरांच्या नजरेपासून आडोसाही मिळतो. शास्त्रज्ञ अशा झाडाला ‘नर्स प्लांट’ म्हणतात. मराठीत त्याला सरळ दाई म्हणता येईल. या दाईच्या पदराखाली सग्वारोचं बाळ इतकं सावकाश वाढतं की पहिल्या ८ वर्षांत त्याची उंची जेमतेम एक-दीड इंच होते. पहिलं फूल यायला साधारण ३५ वर्षं लागतात.

मोठा कॅक्टस दुष्काळ काढतो तो पोटातल्या पाण्याच्या जोरावर. जाड खोड, त्यावर मेणचट साल, उन्हाला अडवणारे काटे आणि दिवसा रंध्रं मिटून फक्त रात्री श्वास घेण्याची सवय, एवढी सगळी तयारी त्याच्याकडे असते. नुकत्याच उगवलेल्या रोपाकडे यातलं काय असतं? मोहरीएवढं हिरवं पोट आणि केसासारखं मूळ. दोन दिवस माती कोरडी राहिली तरी ते संपतं.

घरात बियांपासून कॅक्टस उगवायचा म्हणजे वाळवंट तयार करायचं नाही. दाई तयार करायची.

सुरुवात कोणत्या बियांपासून करावी?

ड्रॅगन फ्रूट सरावासाठी उत्तम, कारण बिया ताज्या आणि जवळपास फुकट असतात. चमचाभर गर चहाच्या गाळणीत घेऊन नळाखाली बोटानं चोळायचा. चिकटपणा पूर्ण जाईपर्यंत धुणं महत्त्वाचं आहे, कारण बीभोवती उरलेल्या गोड गरावर सगळ्यात आधी बुरशी धरते. मग बिया टिश्यू पेपरवर एक-दोन दिवस सुकवायच्या. पेरल्यावर साधारण आठवड्या-दीड आठवड्यात कोंब येतात आणि इथं बरेच जण गोंधळतात. कारण वर येतं ते काकडी-मिरचीच्या रोपासारखं, दोन मऊ पानांचं. दुसरंच काही उगवलंय असं समजून काही जण ते उपटतात! थांबा. त्या दोन पानांच्या मधून काही दिवसांत बारीक काटेरी खोड डोकं वर काढतं.

फक्त हे लक्षात घ्या की ड्रॅगन फ्रूट हा वेल आहे. खिडकीत कायमचा मावणारा नाही. हात बसला की दुसऱ्या जातींकडे वळायचं.

खिडकीसाठी मॅमिलारिया सोयीचा. नर्सरीत दिसणारे, अंगभर बारीक काट्यांचे गोल गुच्छ बहुधा याच कुळातले असतात. त्यातल्या काही जातींवर लाल, बारीक मिरच्यांसारखी फळं येतात. शेजाऱ्यांकडे असं झाड असेल तर एक फळ मागून घ्या, त्यात कितीतरी बिया निघतात. एक अडचण आहे. बऱ्याच कॅक्टसना स्वतःच्या परागानं फळ धरत नाही, जवळ त्याच जातीचं दुसरं झाड फुललेलं लागतं. त्यामुळे एकट्या झाडावर वर्षानुवर्षं फुलं येऊन बी न धरणं यात झाडाचा दोष नसतो.

विकतच्या बियांमध्ये ॲस्ट्रोफायटम नवख्यांना भरवसा देतो. बी मोठी, हातात धरता येणारी आणि ताजी असेल तर तीन ते पाच दिवसांतही उगवणारी. घरात ऊन कमी येत असेल तर जिम्नोकॅलिशियम बघा, त्याला इतरांपेक्षा थोडा कमी प्रकाश चालतो. माळरानावरच्या फड्या निवडुंगाची लाल बोंडं मात्र खायलाच बरी. त्याच्या बियांचं कवच इतकं टणक असतं की उगवायला महिनेच्या महिने लागू शकतात.

आणि कुंपणाला लावलेला तीनधारी निवडुंग किंवा शेर? ते कॅक्टस नाहीतच. खोडाला ओरखडा पडला की पांढरा चीक येतो ना, ती युफोर्बिया गटाची खूण. मराठीत दोघांनाही निवडुंग म्हणतात म्हणून ही गल्लत होते. तो चीक डोळ्यांना फार वाईट, त्यामुळे प्रयोग करायला जाऊ नका.

पार्सलचा डबा म्हणजेच दाई

हॉटेलमधून बिर्याणी येते तो झाकणाचा पारदर्शक डबा घ्या. स्वच्छ धुऊन त्यात मावतील अशा, तळाला भोकं असलेल्या छोट्या कुंड्या किंवा कागदी कप ठेवा. दुसरं महागडं साहित्य लागत नाही.

मातीसाठी बारीक कोकोपीट अर्धं आणि धुतलेली भरड रेती किंवा परलाइट अर्धं. परलाइट मिळालं नाही तर चाळून धूळ काढलेला विटांचा चुरा चालतो. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते एकदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावं. शेणखत आणि गांडूळखत या टप्प्यावर नको. रोपाला त्याची गरज नसते, बुरशीला आणि चिलटांना मात्र ते फार आवडतं.

आता मुख्य काम, म्हणजे माती निर्जंतुक करणं. डब्यात जी ओल, ऊब आणि बंद हवा बीला लागते, तीच बुरशीलाही लागते. म्हणून पेरण्याआधीच तिची संख्या कमी करायची. मिश्रणावर उकळतं पाणी ओतून निथळू द्या, हा सगळ्यात सोपा मार्ग. मायक्रोवेव्ह असेल तर ओलसर मिश्रण काचेच्या भांड्यात, सैल झाकण ठेवून, सगळीकडून वाफ निघेपर्यंत तापवा. पूर्ण कोरडं मिश्रण तापवू नका आणि धातूचं भांडं किंवा फॉइल वापरू नका. कुकरमध्ये वाफवूनही चालतं, पण माती कुकरमध्ये घालण्याआधी घरच्यांना विचारलेलं बरं.

माती पूर्ण गार झाल्यावर कुंड्या भरा. पाणी वरून घालायचं नाही, बिया वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात. उकळून गार केलेल्या पाण्यात कुंड्या बुडाशी टेकवून ठेवा. माती खालून पाणी ओढते. वरचा थर गडद दिसला की बाहेर काढून निथळा. मग बिया वर पसरा आणि तशाच सोडा.

तशाच म्हणजे खरोखर उघड्या. मेथी-कोथिंबीर पेरायची सवय असलेल्या हातांना वर चिमूटभर माती टाकायचा मोह होतो. पण कॅक्टसच्या बऱ्याच जातींच्या बियांना उगवण्यासाठी प्रकाशाचा इशारा लागतो. शिवाय मॅमिलारियाची बी जेमतेम मिलिमीटरभर असते. तिच्यावर सेंटिमीटरभर माती म्हणजे तिला पुरणंच.

झाकण घट्ट लावा आणि डबा उजेडात ठेवा, पण थेट उन्हात कधीही नाही. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं आत काय होतं ते आठवा, डब्याचंही तेच होतं. बियांना २२ ते ३० अंश तापमान मानवतं. आतून झाकणावर पाण्याचे थेंब दिसत असतील तर सगळं ठीक आहे. रोज झाकण उघडून बघू नका. प्रत्येक वेळी आत ओल कमी होते आणि हवेतून बुरशीचे बीजाणू शिरतात. नवख्यांसाठी हाच भाग बहुधा सगळ्यात कठीण.

झाकण कधी काढायचं?

यावर उगवणाऱ्यांमध्ये दोन मतं आहेत. काही जण आत सगळं निरोगी दिसत असेल तर डबा सहा महिने, कधी वर्षभरही बंद ठेवतात. काही जण महिन्याभरात हवा द्यायला लागतात. पहिली पद्धत माती काटेकोर निर्जंतुक केली असेल तरच साधते. घरगुती तयारीत मधला रस्ता बरा. रोपांवर पहिले मऊ, केसांसारखे काटे दिसू लागले की (साधारण एक-दोन महिन्यांत) झाकणाला दोन-तीन भोकं पाडा. आठवड्यानं आणखी पाडा. मग झाकण तिरकं ठेवा. पूर्ण काढायला तीन-चार आठवडे घ्या.

एका दिवसात झाकण काढलं तर १०० टक्के दमट हवेची सवय झालेली रोपं संध्याकाळपर्यंत सुरकुततात. पंखा सुरू असलेली खोली असेल तर आणखी लवकर.

झाकण निघाल्यावरही पहिलं वर्ष माती ठणठणीत सुकू द्यायची नाही. वरचा थर फिका पडायला लागला की पुन्हा खालून पाणी. ‘कॅक्टस आहे, पंधरा दिवसांनी बघू’ हे वाक्य या वयाच्या रोपांसाठी नाही.

कापसासारखी जाळी दिसली तर

बीवर किंवा रोपावर पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी तंतू दिसली की ती बुरशी. एखादं रोप काचेसारखं पारदर्शक होऊन आडवं पडलं तर मुळाशी सड सुरू झाली आहे. ही सड एका रात्रीत शेजारच्या पाच-सहा रोपांपर्यंत जाऊ शकते, म्हणून उद्या बघू असं म्हणू नका. बाधित रोप आजूबाजूच्या थोड्या मातीसकट चिमट्यानं काढून टाका, झाकण थोडं उघडा, पाणी कमी करा. बुरशीनाशक वापरायचं असेल तर पाकिटावरच्या प्रमाणातच, हातमोजे घालून आणि झोपायच्या खोलीत नाही. दालचिनी पूड टाका असं रील्समध्ये सारखं सांगतात. मोठ्या रोपाच्या कापलेल्या भागावर ती टाकणं ठीक, पण मोहरीएवढ्या रोपांवर पूड टाकली की ती झाकली जातात आणि खालची ओल तशीच राहते. तिच्या भरवशावर बसू नये.

एकाच डब्यात सगळ्या बिया पेरू नका. बुरशी लागलीच तर निम्म्या तरी वाचतील.

हिरवा शेवाळी थर आला तर घाबरायचं कारण नाही. तो थेट मारत नाही, पण माती सतत फार ओली आहे हे सांगतो. पेरल्यानंतर अगदी पातळ, बारीक खडीचा थर दिला तर शेवाळ कमी धरतं. कुंडीवर घिरट्या घालणारी काळी चिलटं जास्त त्रासदायक, कारण त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. पिवळा चिकट सापळा लावा.

पुढे रोप मोठं झालं की काट्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो, तो पिठ्या ढेकूण. याच्या एका नातलगानं भारतात इतिहास घडवला आहे. लाल रंग देणारा कोचिनियल किडा समजून ब्रिटिशांच्या काळात, १७९५ मध्ये, दुसरीच जात भारतात आणली गेली. रंगासाठी ती फारशी उपयोगाची निघाली नाही, पण जंगली माजलेला फड्या निवडुंग तिनं फस्त केला. तणाचा बंदोबस्त किड्याकडून करून घेण्याचं जगातलं सुरुवातीचं उदाहरण म्हणून अभ्यासक आजही याकडे बोट दाखवतात. रानात जे उपयोगी पडलं ते खिडकीत नको असतं. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडनं पिठ्या ढेकूण टिपून काढा.

रोपाचा रंगच सांगतो, उजेड किती हवा

रोप फिकट होऊन वर ताणायला लागलं, गोळ्याऐवजी काडी दिसायला लागली, तर उजेड कमी पडतोय. लालसर-तपकिरी झालं तर जास्त होतोय. एवढं ओळखता आलं की बाकी मोजमापं नंतर शिकता येतात.

आपल्या डोळ्यांना खोली उजळ दिसते, पण खिडकीपासून दोन-तीन हात आत आलं की झाडाच्या दृष्टीनं जवळजवळ संध्याकाळ असते. पूर्वेची खिडकी असेल तर रोपं थोडी मोठी झाल्यावर सकाळचं कोवळं ऊन पुरतं. समोर इमारत असेल तर साधा पांढरा एलईडी दिवा रोपांपासून वीतभर उंचीवर लावा आणि दिवसाला १२ ते १४ तास सुरू ठेवा. जांभळा ‘ग्रो लाइट’च हवा असं काही नाही. त्या उजेडात रोपाचा खरा रंग कळत नाही, म्हणजे वर सांगितलेली खूणच हातातून जाते.

पुण्यात कधी, नागपुरात कधी?

बी उगवायला पावसाळा वाईट नाही, झाकण काढायला वाईट आहे. बंद डब्यात बाहेरच्या दमटपणानं फरक पडत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात झाकण काढलं की ढगाळ उजेड आणि न सुकणारी माती अशी दोन्हीकडून कोंडी होते. म्हणून तिथं ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान पेरलेलं बरं, जूनपर्यंत रोपं तीन-चार महिन्यांची तरी होतात. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत उगवण रेंगाळते, त्यामुळे ऑक्टोबरची सुरुवात किंवा फेब्रुवारीचा मध्य सोयीचा. विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिल-मे टाळा. बाहेर ४३-४४ अंश असताना बंद डबा घराच्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवूनही बिया अडून बसतात.

ऑनलाइन बिया घेताना

‘रेनबो कॅक्टस, १०० मिक्स बिया’ अशी जाहिरात आणि निळ्या-जांभळ्या कॅक्टसचा फोटो दिसला तर पुढे स्क्रोल करा. पाकिटात काय निघालं हे कळायला महिने जातात, तोवर पैसे परत मागायची मुदत संपलेली असते. जातीचं पूर्ण नाव, बियांची संख्या आणि त्या कोणत्या वर्षी काढल्या, एवढं सांगणाऱ्याकडूनच घ्या.

लाल-पिवळ्या चेंडूसारख्या ‘मून कॅक्टस’च्या बियाही विकल्या जातात. हा मून कॅक्टस म्हणजे हरितद्रव्य नसलेला जिम्नोकॅलिशियम असतो. हरितद्रव्य नाही म्हणजे स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. तो जगतो तो खालच्या हिरव्या खोडावर, आणि ते खोड बहुधा ड्रॅगन फ्रूटच्याच गोतावळ्यातलं असतं. हे कलम आहे. बी पेरून तसं झाड उभं राहत नाही, लाल रोप उगवलंच तर कलम न केल्यास मरतं.

परदेशातून साध्या टपालानं पाकीट मागवण्याआधी कायदा बघा. भारतात पेरणीसाठी बियाणं आणायचं तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ‘गिफ्ट’ असं लिहून आलेलं पाकीट त्यातून सुटत नाही. शिवाय काही मोजके पानवाले गट सोडले तर कॅक्टसचं अख्खं कुळ ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. बियांना त्यात काही सवलती आहेत, पण मेक्सिकोतून बाहेर जाणाऱ्या तिथल्या कॅक्टसच्या बियांना त्या मिळत नाहीत. एरिओकार्पससारखे काही गट तर सगळ्यात कडक यादीत आहेत. लोफोफोरा म्हणजे पेयोटी या कॅक्टसपासूनही लांब राहा. त्यात मेस्कलीन असतं आणि ते एनडीपीएस कायद्याच्या यादीत येतं.

एवढी कडक व्यवस्था कशासाठी? फेब्रुवारी २०२० मध्ये इटलीतल्या सेनिगालिया गावात पोलिसांनी एका संग्राहकाच्या घरावर छापा घातला. तिथं हजाराहून जास्त दुर्मीळ कॅक्टस सापडले. त्यातले बरेचसे चिलीतल्या अटाकामा वाळवंटातून उपटून आणलेले कोपियापोआ होते. कोपियापोआ इतका मंद वाढतो की फुटबॉलएवढं झाड कुणाच्या पणजोबाच्या वयाचं असू शकतं. पुढच्या वर्षी त्यातली ८०० हून अधिक झाडं चिलीला परत पाठवण्यात आली. हौशी संग्राहकांना वाऱ्यापावसानं रापलेलं, जुनं झाड हवं असतं आणि त्याची ऑर्डर सोशल मीडियावरून देता येते. चोरांचं काम त्यामुळेच सोपं झालं. २०१५ मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात आलेल्या जागतिक पाहणीनुसार, तपासलेल्या १,४७८ जातींपैकी ३१ टक्के जातींना धोका आहे.

आता गोल्डन बॅरल बघा. सोनेरी काट्यांचा मोठा गोळा, इंग्रजीत गमतीनं त्याला सासूबाईंची उशी म्हणतात. मूळ घर मेक्सिकोत. १९९० च्या दशकात तिथं झिमापान धरण भरलं आणि त्याच्या वस्तीचा मोठा भाग पाण्याखाली गेला. रानात तो आज संकटग्रस्त आहे. पण नर्सरीत, हॉटेलांच्या लॉबीत, उद्यानांत तो जगभर दिसतो. याला सहसा पिल्लं फुटत नाहीत, त्यामुळे ही जवळपास सगळी झाडं कुणीतरी कधीतरी बियांपासून वाढवलेली आहेत. बी स्वस्त आणि सहज मिळू लागली की रानातलं झाड उपटण्यात तितका फायदा उरत नाही. खिडकीतल्या डब्यामुळे अटाकामा वाचेल असं म्हणणं अर्थातच बढाई होईल. पण तुमच्या घरातला कॅक्टस कुठून आला, हे मात्र तुम्हाला खात्रीनं सांगता येतं.

वर्षभरानंतर

वर्षाच्या शेवटी बहुतेक रोपं वाटाण्याएवढी असतात. एवढ्याशासाठी वर्ष? हो. रोपं एकमेकांना टेकायला लागली की वेगळी करायची वेळ आली. माती ओलसर असताना कुंडी अलगद उलटी करा आणि रोप मुळाकडून धरून आइस्क्रीमच्या काडीनं उचला. मुळं थोडीफार तुटतातच, म्हणून नव्या कोरड्या मातीत लावल्यावर चार-पाच दिवस पाणी देऊ नका. इथून पुढे पाण्याच्या दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं. जो सल्ला पहिल्या वर्षी घातक होता, तो आता लागू होऊ लागतो.

मॅमिलारियाला सगळं मानवलं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी डोक्याभोवती फुलांचं कडं येतं. गोल्डन बॅरलच्या फुलांची वाट बघायची तर दीड-दोन दशकांची तयारी ठेवा.

काटेरी झाड घरात असू नये, असं आजी किंवा व्हॉट्सॲप ग्रुप सांगेल. वास्तूचं काय ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर डबा उंचावर ठेवा, तिथं काटे खरोखरच टोचतात.

आणि प्रत्येक कुंडीत जात आणि पेरल्याची तारीख लिहिलेली पट्टी खोचा. पहिल्या वर्षी सगळे कॅक्टस सारखेच हिरवे वाटाणे दिसतात. लिहायला पेन्सिल घ्या, पेनाची शाई उन्हापाण्यानं उडून जाते.